खाणीतला करंज

मंडळी, आज कल्याणजवळच्या बंद दगडखाणीवर गेलेले. इंग्रजांच्या काळापासून फोडलेल्या या डोंगरावर आम्ही तीन वर्षांपूर्वी झाडं लावली. किती जगली ते मी दर महिन्याला नोंदवते.

परवा तिथे वणवा लागला.

झाडांना पाणी घालणाऱ्या हिरामावशी आज नखाने एकेकाची साल खरवडत होत्या. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत. "हे पण गेलं, लिही," म्हणत त्या पुढे सरकत होत्या.

शेवटी तपासायचा एक करंज उरला. मावशींचा नवरा याच खाणीत दगडाखाली सापडून गेला. त्या जागेवर त्यांनी हा करंज लावलेला. मी खरवडायला वाकले.

"याला नको, बाय."

वहीत करंजापुढची जागा मी कोरीच ठेवली. घरी आल्यापासून वही समोर उघडीच आहे. तुम्ही काय लिहिलं असतं?