प्युअरसरांची शुद्धी

प्युअरसरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या होणाऱ्या सुनेला वाटलं, आपण सोयरिकीला आलेलो नाही, कोर्टात उभे आहोत आणि निकाल फाशीचाच लागणार. कपाळावरच्या आठ्या इतक्या खोल की त्यांत कांदे लावावेत, आणि आवाज असा की कपातला चहा आपण होऊन बशीत यावा. त्यांनी तिला शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. इंग्रजी बोलताना भेसळ करतेस का, एवढंच विचारलं. तिने घाबरून "नो सर" म्हटलं आणि लग्न ठरलं. शिक्षण विचारलं असतं, तर ती कॉलेजात इंग्रजी शब्दांचा इतिहास शिकवते हे वेळीच कळलं असतं.

बाहेरच्या खोलीत सरांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास चाले. नियम एकच: दुसऱ्या भाषेतला शब्द तोंडातून निसटला की तास संपेपर्यंत उभं राहायचं. इंग्रजी म्हणजे निर्भेळ दूध, बाकीच्या भाषा म्हणजे उसनवारीचा संसार, असं ते सांगत; क्लासची मुलं त्यांना प्युअरसर म्हणत ती यावरूनच. निवृत्त झालेला हा माणूस त्या एका तासावर जगत होता.

आणि तरी सुनेची जीभ घसरलीच. नाश्त्याला अंडी वाढताना ती सहज बोलून गेली की 'एग' हा शब्द इंग्रजांचा नव्हेच, समुद्रावरून लुटायला आलेल्या उत्तरेकडच्या लोकांचा. सरांनी उचललेला घास परत बशीत ठेवला. त्यांना सावरायला म्हणून ती आणखी सांगत गेली. स्काय, विंडो हेही त्या लुटारूंचेच. मग फ्रेंच बोलणारे राजे आले, त्यांच्यामागून टेबल, चेअर, अंकल, आंट आले. अशी मागून आणूनच तर ही भाषा गब्बर झाली.

"हजबंड?" सरांचा आवाज प्रथमच बारीक झाला.

"लुटारूंचाच, बाबा. वाइफ मात्र अस्सल इंग्रजी."

"म्हणजे या घरात अस्सल मी एकटीच," सासूबाई ओट्यापाशी म्हणाल्या. "मला शंका होतीच."

सरांनी बशी दूर सारली. "आणि प्युअर?"

सुनेने मान खाली घातली. "फ्रेंच."

दुसऱ्या कोणी नियम सोडला असता. सरांनी शब्द सोडले. त्या संध्याकाळी क्लासमध्ये फ्रेंच म्हणून व्हेरी गेलं, प्लीज गेलं, फेस गेला. थोड्याच वेळात अख्खी खोली उभी होती, आणि समजावताना 'रूल' म्हणून बसल्यामुळे सर स्वतःही. सून हे सगळं दाराआडून पाहत होती.

दुसऱ्या दिवशी तिने विनवलं की हे शब्द इंग्रजीत शतकानुशतकं नांदले, ते आता परके कसे? "मीही दुसऱ्या घरातूनच आले ना, बाबा? मग मलाही उभंच ठेवणार?"

सरांनी समोर उभ्या असलेल्या सुनेला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला तरी बस कोणी म्हटलंय?"

मुलं आठवडाभर उभी राहिली, मग यायची बंद झाली. बाहेरच्या खोलीत आता एका फरशीवाल्याचं गोदाम आहे.