मागच्या शॉकच्या दोन पिना

माझ्या सायकलचा सांगाडा बंगळूरहून आला तेव्हा आईला वाटलं, मी घडीची खुर्ची मागवली आहे. खोकं उघडून तिनं तो हिरवा त्रिकोण दोन्ही हातांनी उचलला. मागचा भाग बिजागरीवर लटकून खालीवर हलायला लागला, तशी ती म्हणाली, "अवं, हे तर मोडकं आहे. परत पाठव."

"मोडकं नाही आई. ते हलायलाच पाहिजे."

"सायकल मधातून हलते?"

"डोंगरातली हलते."

बाबांनी पेपर खाली केला, सांगाड्याकडे पाहिलं आणि पेपर परत वर केला.

मी अधारतालच्या एका शाळेत गणित शिकवते. घर कांचघरला. आजोबा भंडाऱ्याकडून इथे हिंदी मुलखात, फॅक्टरीत कामाला आले. त्यांच्यामागे बाबा त्याच फॅक्टरीत टर्नर झाले आणि लेथवर लोखंड कातत कातत रिटायर झाले. आई घरी ब्लाउज शिवते. घरात आम्ही तिघंच. चाळिशीला आलेली मास्तरीणबाई दर रविवारी सकाळी हेल्मेट घालून मदनमहालच्या टेकड्यांवर सायकल घेऊन जाते, याची गल्लीला सवय झाली होती.

तिथले दगड हत्तीच्या पाठीसारखे. त्यांच्या अंगावरून उतरायचं, दोन दगडांच्या फटीतून काढायचं, आणि एखादा उंचवटा दिसला की चाकं जमिनीवरून सोडायची. माझ्या जुन्या सायकलला धक्के झेलणारा शॉक फक्त पुढे होता. मागचं चाक प्रत्येक दगडाचा हिशेब माझ्या कमरेकडून घ्यायचं. म्हणून मागेही शॉक असलेली सायकल हवी होती. पण अशा सायकलींतही दोन स्वभाव असतात. एक गादीसारखी असते, दगड गिळत जाते आणि तुम्हाला खालचं काही कळूच देत नाही. दुसरीचा शॉक थोडाच दबतो, मागचं चाक सीटच्या जवळ असतं, आणि जरा पाय रोवून अंग वर घेतलं की ती करडासारखी उडी मारते. मला करडू पाहिजे होतं. तशी तयार सायकल मला परवडणारी नव्हती. मग कोणीतरी वापरून सोडलेला सांगाडा, कुठून चाकं, कुठून ब्रेक असं जमवत गेले.

शहरातल्या सायकलच्या दुकानात विचारलं. दुकानदार भला माणूस, पण त्यानं शॉक उलटसुलट करून पाहिला आणि परत माझ्या हातात ठेवला. "दीदी, ये काम यहाँ नहीं होगा. दिल्ली भिजवा दो."

दिल्लीला पाठवायची नव्हती. मला ती स्वतः जोडायची होती.

उन्हाळ्याच्या सुटीत पडवी माझी झाली. पुढच्या नळीत बेअरिंगच्या वाट्या बसवायच्या होत्या. त्याचं हत्यार महाग येतं, म्हणून आटे पाडलेली सळई, दोन नट आणि जाड वायसर आणून मी ते घरीच बनवलं. दोन्ही बाजूंनी नट आवळत गेले की वाटी हळूहळू आत जाते. मी आवळत होते, बाबा खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होते. न बघताच म्हणाले, "वाटी तिरपी चालली."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज येऊन राहिला ना."

सोडून पाहिलं. खरंच तिरपी होती. सरळ करून पुन्हा आवळली तेव्हा आवाज बदलला, तो मलाही कळला.

चाकं लागली, ब्रेक लागले, चेन लागली. अडलं ते मागच्या शॉकपाशी. शॉकच्या दोन्ही टोकांना एकेक गोल भोक असतं. त्या भोकात एक छोटी पोकळ पिन बसते आणि पिनेतून बोल्ट जाऊन शॉक सांगाड्याला जोडला जातो. आधीच्या मालकानं सगळं पाठवलं होतं, या दोन पिना सोडून. त्याला फोन केला तर त्यालाही सापडेनात. नव्या मागवायच्या तर माझ्या मापाच्या कुठेच शिल्लक नव्हत्या.

बाबांना म्हटलं, "दोन पिना कातून द्याल?"

"ड्रॉइंग दे."

मला मजा वाटली. मी डिजिटल व्हर्नियरनं सगळी मापं घेतली, शाळेतल्या आलेखाच्या कागदावर नीटनेटकं ड्रॉइंग काढलं आणि गंमत म्हणून खाली कोपऱ्यात सही ठोकली. बाबांनी ते खिशात घातलं आणि त्यांच्या जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपवर गेले. हे काका फॅक्टरीत त्यांच्या शेजारच्या मशीनवर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी जुनी लेथ घेऊन कांचघरातच शेड टाकली आहे. दुपारी बाबा दोन चकचकीत पिना घेऊन परतले. दिसायला दागिन्यासारख्या.

मी बसवल्या, बोल्ट आवळला, सीट धरून सायकल वर उचलली. टक. खाली सोडली. टक. पुन्हा उचलली. पिन भोकात ढिली होती, केसापेक्षाही कमी, पण ढिली. असा शॉक दगडांवर नेला तर महिन्याभरात भोक खाऊन टाकतो.

"बाबा, पिन लहान झाली."

"ड्रॉइंगप्रमाणे आहे."

त्यांनी आतून मायक्रोमीटर आणला. तो ते जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवतात. पिन मोजून आकडा मला दाखवला. तंतोतंत माझ्या कागदावरचा.

"मग माझं माप चुकलं?"

"चुकलंच. व्हर्नियरचे जबडे सपाट असतात. लहान गोल भोकात ते पुरते टेकत नाहीत. भोक आहे त्याहून लहान सांगते तो."

"हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं काहून नाही?"

बाबांनी मायक्रोमीटर मोज्यात घातला. "ड्रॉइंगवर सही तुझी होती."

मला इतका राग आला की मी हत्यारं तशीच पडवीत टाकून आत गेले. वर्गात मुलांना मी हेच सांगत असते, उत्तराखाली रेघ ओढण्याआधी ताळा कर म्हणून. आणि स्वतः यंत्रात दिसलेला आकडा खरा मानून सही करून बसले. खरं तर राग त्यांचा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना बाबा म्हणाले, "चल. शॉक घे सोबत."

"कुठे?"

"भोक मोजायले."

मी लहान असताना फॅक्टरीत वर्षातून एकदा घरच्या लोकांना आत सोडायचे. तेव्हा बाबांच्या मशीनसमोर उभं राहून मी तिचं चाक फिरवायला मागितलं होतं. "हात लावू नको," ते एवढंच म्हणाले होते. ते चिडून नव्हते बोलले, पण मी नंतर कधी मागितलं नाही. त्यामुळे काकांच्या शेडमध्ये शिरले तेव्हा मी आपली भिंतीला टेकून उभी राहिले.

बाबांनी लेथवर एक सळी लावली आणि तिच्यावर पाच पायऱ्या कातल्या, प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा नावापुरती जाड. सळी माझ्या हातात दिली. "आता घाल भोकात."

पहिली पायरी आत गेली आणि हलली. दुसरी गेली, जराशीच हलली. तिसरी बोटाच्या दाबानं सरकत गेली आणि गप्प बसली. चौथी शिरेना.

"कोणती?"

"तिसरी."

"तिसरी मोज."

मायक्रोमीटर मी धरला, आकडा मी लिहिला. बाबा लेथपासून बाजूला झाले आणि हात पुसत म्हणाले, "चलो. आता तू कर."

मी काकांकडे पाहिलं. काका हसले. "बिटिया, चुन्नी और चूड़ी, दोनों उधर. चश्मा लगा लो."

ओढणी आणि बांगड्या खिडकीत ठेवल्या. केस बांधले. मधोमध भोक पाडलेला लोखंडाचा तुकडा बाबांनी मशीनमध्ये पकडवून दिला आणि मशीन चालू असेपर्यंत हात पाठीमागे बांधून ठेवले. मशीन सुरू झालं तेव्हा पायातून थरथर वर आली. मी चाक फिरवलं, हत्याराचं टोक लोखंडाला टेकलं, आणि निळसर कीस वेटोळं घेत निघायला लागला. तो गरम कीस पाहून मी क्षणभर हरखलेच. त्या नादात चाक जास्त फिरलं. मोजलं तर पिन लहान.

बाबांनी ती काढून भंगाराच्या ट्रेमध्ये टाकली. "दुसरा तुकडा लाव."

आता मी घाई केली नाही. थोडं कातायचं, थांबायचं, थंड होऊ द्यायचं, मोजायचं. गरम लोखंड फुगलेलं असतं, त्याचं माप धरायचं नाही, हे काकांनी मधेच सांगितलं. शेवटचा घास इतका बारीक होता की कीस नाही, नुसता भुगा पडला. मशीन बंद करून पिन शॉकच्या भोकात घातली. बोटाच्या दाबानं सरकली आणि गप्प बसली.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी ती बाहेर काढली, अंगठ्यानं फिरवली, उजेडात धरली, पुन्हा आत घातली.

"दुसरीही अशीच कर," ते म्हणाले.

दुसरी पहिल्या खेपेलाच जमली.

घरी येऊन पिना बसवल्या. सायकल उचलली, सोडली. आवाज नाही. पुन्हा उचलली, सोडली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय आपटून राहिली?" आणि मला हसू आवरेना.

आता शॉकमध्ये हवा भरायची होती. ती चाकातल्यासारखी अंदाजानं भरून चालत नाही. पूर्ण तयारीनिशी, हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी पाठीवर घेऊन सायकलवर बसायचं आणि आपल्या वजनानं शॉक किती दबतो ते पाहायचं. शॉकच्या दांड्यावर एक रबरी कडी असते, ती दबल्याएवढी सरकते. जास्त दबला तर सायकल सुस्तावते, कमी दबला तर दगडांवर पाय आपटते. बाबांनी हँडल धरलं, मी अंगणात पेडलवर उभी राहिले, आणि मोजायला आई आली, गळ्यातली शिवणकामाची टेप घेऊन.

"दीड सेंटीमीटर."

"जास्त झालं. उतरते, हवा भरते."

पुन्हा चढले.

"एक आणि वर एक रेघ."

"आता कमी. थोडी सोडते."

चौथ्यांदा चढले तेव्हा आई म्हणाली, "हालू नको. श्वास सोड. कोणी माप देताना पोट आत घेते, तशी करून राहिली तू." मी श्वास सोडला. "एक आणि वर दोन रेघा."

"झालं!" मी ओरडले. बारा मिलिमीटर मला हवे होते. आईनं टेप गळ्यात टाकली आणि समोरच्या घरातल्या बाईंना हिंदीत सांगितलं की माप तिनं घेतलं.

रविवारी दोघंही माझ्यासोबत टेकडीवर आले. याआधी कधीच आले नव्हते. आईनं पोहे घेतले होते. मी त्यांना एका सपाट दगडावर बसवलं आणि वर गेले. पहिल्याच उताराला सायकलनं मला मागून ढकललं, शॉक दबल्यावर फार जोरात परत येत होता. मी हँडलवरून पुढे पडता पडता वाचले, गुडघा मात्र खरचटला. आई उठून उभी राहिली. मी हात हलवला, खाली बसून शॉकचा लाल खटका तीन घरं फिरवला, म्हणजे तो सावकाश परत येईल. पुन्हा वर चढले. पुन्हा उतरले. आता तिनं ढकललं नाही, मागचं चाक मांजरासारखं दगडाला धरून राहिलं. आणखी एक घर फिरवलं.

मग त्या मोठ्या दगडाकडे गेले. त्याच्या टोकाला जरासा उंचवटा आहे, पुढे हातभर खाली जमीन. जुनी सायकल असताना मी तिथे नेहमी खाली उतरून पायी जायची. उंचवट्यावर पाय रोवले, अंग वर घेतलं आणि सायकल माझ्याबरोबर वर आली. दोन्ही चाकं हवेत. खाली काहीच नाही, कसलाच आवाज नाही. मग मागचं चाक आधी टेकलं, पुढचं नंतर, आणि शॉकनं सगळं अलगद आत घेतलं.

मी वळून थांबले. आई टाळ्या वाजवत होती. बाबा डब्याचं झाकण हातात धरून बसले होते.

"पुन्हा कर," ते म्हणाले. "मी पोहे काढून राहिलो होतो."

पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदाही केलं, मला कोणी सांगितलं नव्हतं तरी.

सकाळी फिरायला आलेले एक गृहस्थ जवळ येऊन थांबले. सायकल निरखून पाहिली, मग बाबांना विचारलं, "गाड़ी तो बढ़िया है भाईसाहब. कहाँ से बनवाई?"

"बनवाई नहीं. इसने बनाई है," बाबा म्हणाले.

"और ये बीच का हिस्सा? आपने?" त्यांनी शॉकच्या पिनेकडे बोट दाखवलं.

"पहले हमने बनाया था. ढीला था," बाबा म्हणाले आणि पोह्यांची बशी त्यांच्यापुढे केली. "ये वाला बिटिया ने बनाया."