हिरव्या रंगाचं यंत्र

कुठे ऑइलपेंटचा वास आला की मला कॉलेजची प्रयोगशाळा आठवते. सळई ताणून तोडणारं तिथलं यंत्र आम्ही चालू झालेलं कधी पाहिलंच नव्हतं. तपासणी समिती येणार म्हणून सरांनी त्याला हिरवा रंग मारून घेतला. मी भीत भीत विचारलं, "सर, चालू करा म्हणले तर?" सर हसले. "अरे, मी स्वतः दुसरी कॉलेजं तपासायला जातो. कोणी चालू करून बघत नाही." हेच सर वर्गात सांगायचे, रीडिंग येईल तेच लिहा. समितीतल्या मॅडमनी नेमकं मलाच विचारलं, "यावर प्रयोग केलेस ना?" आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, सरांकडे बघत म्हणालो, "हो." परवा सुपे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरीच्या मुलाखतीत तसंच यंत्र समोर होतं. "करा चालू," साहेब म्हणाले. मला बटणच सापडेना.