भरलेली बॅग आणि पिठलं

मित्रांनो, बेंगळुरूच्या हॉस्टेल मेसची नोकरी सोडून आज मी गावाला निघणार होतो. बॅग भरून दाराशी ठेवलेली.

पण चेन्नईकडच्या वादळानं सकाळपासून पाऊस आणि हाडं गोठवणारा वारा. कॉलेज बंद, लाईट गेलेली. स्वयंपाक करणाऱ्या अक्का शहराबाहेर, घरी आनेकलमध्येच अडकल्या. हॉस्टेलची पोरं चादरी गुंडाळून मेसमध्ये उपाशी बसली होती. मग मीच पिठलं-भात केला.

वाढताना एकानं बॅग बघितली. "भैया, तुम भी जा रहे हो?"

म्हटलं, "पहले खा ले."

ताट चाटूनपुसून तो म्हणाला, "कल मिर्ची स्वल्प कम डालना."

आता पाऊस उघडलाय. माझी गाडी सुटत असेल, आणि मी उद्याचं बेसन चाळतोय. खरं सांगा, येडा झालोय का मी?