डर्मॉटच्या पिस्तुलाची काडतुसं

आयर्लंडमधल्या लिक्सलिपला आल्यावर पहिली सहा वर्षं संध्या भंगाळे घरीच होती. नवरा केदार रोज चेरीवूडला ऑफिसला जायचा. तिच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, आणि जळगावला घेतलेली इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी बेडरूमच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, एका फाइलमध्ये पडून होती. शेजारचा डर्मॉट केसी हा निवृत्त फिटर. एका सकाळी तो शेडच्या दारात बसून एक पितळी झडप मोजत होता आणि संध्या कुंपणापाशी उभी राहून बघत होती.

"काय बघतेस?" त्याने विचारलं.

"मायक्रोमीटर जरा जास्त आवळताय तुम्ही," संध्याच्या तोंडून निघून गेलं.

डर्मॉटने तिच्याकडे पाहिलं, उठला, आणि मायक्रोमीटर कुंपणावरून तिच्या हातात ठेवला. "मग तूच मोज."

पुढे व्हिसाचे नियम बदलले तेव्हा नोकरीचा अर्ज त्यानेच वाचून दुरुस्त केला. मुलाखतीची तयारी त्याच्याच स्वयंपाकघरात झाली. "इतकी नम्र राहू नकोस, त्यांना वाटेल तुला काही येत नाही," तो बजावायचा. चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या मापन विभागात तिला नोकरी लागली. आभार मानायला गेलं की डर्मॉट हवामानाबद्दल बोलायला लागायचा, त्यामुळे ते राहूनच गेलं.

पिस्तुलाची गोष्ट गेल्या वर्षीची. तरुणपणी डर्मॉट फ्रान्समध्ये सेंत-एत्येन गावात कामाला होता. त्याची बायको कोलेत त्याला तिथेच भेटली. तिचे वडील तिथल्या शस्त्रांच्या कारखान्यात पिस्तुलं जुळवायचे. पुढे दोघं आयर्लंडला आले, आणि वीस वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडे फ्रेंच लष्कराने मोडीत काढलेलं, त्याच कारखान्याचं पिस्तूल डर्मॉटला दिसलं. "कुणास ठाऊक, बाबांच्याच हातचं असेल," कोलेत म्हणाली होती. रीतसर परवाना काढून त्याने ते घेतलं. कोलेत गेली त्यालाही आता आठ वर्षं झाली होती. दर सप्टेंबरात नेमबाजीच्या क्लबात जुन्या लष्करी पिस्तुलांची एक लहानशी स्पर्धा व्हायची, ती त्याने कधी चुकवली नव्हती.

पण त्याच्या डोळ्यांचा मधला भाग अंधुक होत चालला होता. डॉक्टर म्हणाले, नजर अजून एखादं वर्ष टिकेल. आणि काडतुसं उरली होती अकरा. स्पर्धेला वीस लागत. या पिस्तुलाचं काडतूस त्याचं एकट्याचं, दुसरं कुठलंच त्यात बसत नाही. डर्मॉटने कॉर्कपासून बेलफास्टपर्यंत विक्रेत्यांना फोन केले. फ्रान्समधल्या एका म्हाताऱ्याकडे दोन खोकी निघाली, पण आयातीच्या कागदपत्रांत चार महिने गेले आणि तोवर त्याने ती दुसऱ्याला देऊन टाकली.

"राहू दे. खूप मारल्या गोळ्या आयुष्यात," डर्मॉट म्हणाला.

"हातानं भरता नाही येणार?" संध्याने विचारलं.

घरी काडतुसं भरायला बंदी होती. पण त्यांच्या क्लबाला त्यासाठी खास परवाना असलेली एक खोली होती, आणि त्या खोलीची किल्ली नोरीन नावाच्या कडक शिस्तीच्या बाईकडे असायची. नोरीन म्हणाली, "डर्मॉटने भरायची, मी समोर बसणार. तू फक्त रिकाम्या पुंगळ्यांना हात लावायचा. दारूला नाही."

"चालेल," संध्या म्हणाली.

जवळच्या मापाच्या, दुसऱ्याच एका काडतुसाच्या साठ रिकाम्या पुंगळ्या कॉर्कच्या विक्रेत्याने पाठवल्या. दर शनिवारी संध्या डर्मॉटला गाडीत घालून तासाभरावरच्या क्लबात न्यायची. तिथल्या छोट्या लेथवर तो पुंगळीच्या बुडाची कड उतरवायचा, तोंड साच्यात दाबायचा, आणि ती मापं घ्यायची. त्याला आकडे दिसत नसत, म्हणून ती मोठ्याने वाचायची. पहिल्या नऊ पुंगळ्यांतल्या पाच तोंडाशी उभ्या चिरल्या. पुढच्या शनिवारी आणखी चार. डर्मॉटने लेथ बंद केला, हात पुसले आणि गाडीत जाऊन बसला.

रविवारी सकाळी संध्याने भुसावळला व्हिडिओ कॉल लावला. तिचे वडील पद्माकर, अण्णा, चौतीस वर्षं वरणगावच्या काडतूस कारखान्यात तपासनीस होते. घरात त्यांनी कारखान्याचा विषय कधी काढला नाही आणि कुणी विचारलंही नाही. तिने चिरलेल्या पुंगळीचा क्लबात काढलेला फोटो पाठवला, तेव्हा आधी ते दचकले.

"संध्या, हे काय बाई? कुठं सापडलं तुला?"

तिने सगळं सांगितलं. अण्णांनी चष्मा लावला. बराच वेळ फोटो मोठा करून बघत राहिले.

"चीर तोंडापासून खाली गेलीये नं? पितळ आखडलंय. दाबून दाबून कडक होतं ते. तोंडाला शेक द्या, नरम होईल. पण तोंडच तेवढं. बूड थंड राहिलं पाहिजे, नाहीतर उडवताना फाटेल." मग जरा थांबून म्हणाले, "कोण करतंय हे? फोन त्यांना दे नं."

डर्मॉट शेजारून आला. अण्णांचं इंग्रजी मोडकं, डर्मॉटचे उच्चार अण्णांना कळेनात, संध्या मध्ये दुभाषी. पण पाच मिनिटांत तिची गरज उरली नाही. दोघं आकड्यांत आणि हातवाऱ्यांत बोलत होते. शेवटी डर्मॉटने विचारलं, "तुम्ही कुठलं पिस्तूल चालवता?"

अण्णा हसले. "मी? एक गोळी नाही मारली कधी. मी फक्त बघायचो. लाखो काडतुसं बघितली असतील."

"युवर मॅन," डर्मॉट नंतर संध्याला म्हणाला, म्हणजे तिकडच्या बोलीत 'तो गडी', "त्याने काल माझ्याजवळ असायला हवं होतं."

शेक दिल्यावर तोंडं चिरायची थांबली. मग नोरीनने तिची जाडजूड पुस्तकं काढली आणि दारूचं माप अगदी कमीपासून सुरू करायला लावलं. पहिली काडतुसं इतकी मवाळ निघाली की पिस्तुलाची सरक, म्हणजे गोळी सुटल्यावर मागे जाणारा वरचा भाग, अर्ध्यातच अडकली. नोरीन प्रत्येक वेळी रिकामी पुंगळी उचलून निरखायची आणि मगच किंचित वाढवायला होकार द्यायची. ऑगस्ट संपता संपता तीस चांगली काडतुसं खोक्यात उभी राहिली.

स्पर्धेच्या दिवशी वारा होता. डर्मॉट नऊ जणांत सातवा आला. एकदा पिस्तूल अडकलं, तेही जुन्या अकरांतलं एक काडतूस त्याने हट्टाने घातलं होतं म्हणून. वीस झाल्यावर त्याने पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं, कानावरचे मफ काढले आणि बराच वेळ कागदी लक्ष्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याला ते दिसत नव्हतं, हे संध्याला माहीत होतं.

ती त्याच्याजवळ गेली. या वेळी हवामानाचा विषय निघायच्या आत बोलायचं तिने ठरवलं होतं.

"डर्मॉट, तुम्ही नसतात तर मी अजून घरातच बसले असते. कामच काय, मी कोण आहे हेही विसरले असते. हे मला सांगायचं होतं."

डर्मॉटने नाक पुसलं. "ग्रँड," तो म्हणाला, म्हणजे तिकडचं 'ठीक आहे'. "ग्रँड." मग तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "माझं हे वर्ष तू दिलंस, मुली. कोलेत असती तर तुला तिने जेवल्याशिवाय सोडलं नसतं." आणि लगेच, "तुझ्या वडिलांना फोन लाव."

भुसावळला तेव्हा संध्याकाळ झाली होती. अण्णा फोन हातात घेऊनच बसले असावेत, पहिल्याच रिंगला उचलला.

"सगळी उडाली?"

"नवी सगळी. एकही चिरली नाही."

"तोंडं बघितली? बूड?"

"बघितलं अण्णा. नोरीननंही बघितलं."

पलीकडे आई कुणाशी तरी बोलत होती ते ऐकू येत होतं. मग अण्णा म्हणाले, "चौतीस वर्षं मी पेट्या पास केल्या. शिक्का मारला की ट्रकमध्ये. पुढे त्यांचं काय झालं, कुणाच्या हातात गेल्या, कधी कळलं नाही, आणि विचारायची छातीही झाली नाही. आज पहिल्यांदा कुणी सांगितलं मला. एका म्हाताऱ्या माणसानं गोळ्या कागदावर मारल्या आणि खूश झाला. बरं वाटलं बाई. त्यांना सांग, बरं वाटलं."

संध्याने ते डर्मॉटला इंग्रजीत सांगितलं, जमेल तसं. डर्मॉटने फोन मागून घेतला आणि अण्णांना विचारलं, आयर्लंडला कधी येताय.