तीन ठिपक्यांचा मॅग्नेट

माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. लग्न होऊन रत्नागिरीला आले तेव्हा ह्यांचं गॅरेज म्हणजे घराला लागून असलेली पत्र्याची शेड. तिथे उजेडासाठी बॅटरी धरून उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. हे चुकीचा नट उचलायला लागले की मी ओरडायची, "डोळे कुठे ठेवलेत?" गिऱ्हाइकासमोरसुद्धा. हे हसायचे आणि दुसरा उचलायचे. तीस वर्षं आमचा संसार असाच चालला, आणि मला तो आवडायचा.

गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालू लागले, बोलणं तुटक झालं. दवाखान्यातून घरी आल्यावर आठवड्याने पहिल्यांदा सलग बोलले ते एवढंच, "हात गेलाय, डोकं नाय. मी खुर्चीत बसून सांगेन, तू कर." गॅरेज त्यांना चालू ठेवायचं होतं. ते जमतंय का बघायला त्यांनी स्वतःचीच जुनी गाडी निवडली. ही चालू झाली तर गॅरेजचं शटर उघडायचं, असं आमचं ठरलं.

गाडी म्हणजे टू-स्ट्रोक मोटारसायकल, चिखलात आणि दगडधोंड्यात पळवायची. एका खलाशाने ती बाहेरच्या देशातून आणली होती. तरुणपणी हे तिला घेऊन सड्यावर, त्या उघड्या कातळावर, जायचे आणि गुडघे फोडून घरी यायचे. झटक्याच्या आधीच त्यांनी तिचं इंजिन खोललं होतं. सुट्या भागांसाठी राजापूरच्या एका भंगारवाल्याकडून तसंच दुसरं इंजिनही आणलं होतं. दोन्हींचे भाग आंब्याच्या एकाच पेटीत पडून होते.

ठिणगी पाडणारे भाग जोडीनेच बसवायचे असतात. मॅग्नेट म्हणजे बाहेरून फिरणारी जड चकती, आणि तिच्या पोटात कॉइलची प्लेट. आमच्याकडचे दोन्ही मॅग्नेट वरून अगदी सारखे, पण इंजिनच्या दांड्यावरची चावी ज्यात बसते ती आतली खाच वेगवेगळ्या जागी. चुकीचा बसला तर ठिणगी भलत्याच वेळी पडणार. म्हणून हे आपल्या गाडीच्या भागांवर टोकदार पंच ठोकून तीन बारीक ठिपके मारून ठेवायचे.

त्या सकाळी मी दोन्ही मॅग्नेट रॉकेलने धुऊन त्यांच्यासमोर ठेवले. उजवीकडच्यावर तीन ठिपके स्पष्ट दिसत होते. ह्यांनी दोन्हींकडे बराच वेळ पाहिलं आणि डाव्या हाताने डावीकडच्यावर बोट ठेवलं.

"ह्यो?" मी विचारलं.

"ह्योच. लाव गो."

मी तो लावला. मी तरी कसं सांगणार होते? माणूस एवढ्या आशेने खुर्चीत ताठ बसला होता. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटच्या फटीत सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरला आणि मॅग्नेट हळूहळू फिरवला. मॅग्नेटवरची रेघ इंजिनवरच्या रेघेला आली आणि कागद सुटला. हे मान डोलावून म्हणाले, "बरोबर." मग मी किक मारली. किकने असा उलटा झटका दिला की माझी नडगी सोलून निघाली. दुसऱ्यांदाही तेच. ह्यांचा चेहरा उतरला.

"मीच कागद नीट धरला नाही," मी म्हटलं. "जेवून परत बघू."

दुपारी ते झोपल्यावर मी पुलर लावून तो मॅग्नेट काढला आणि ठिपक्यांचा बसवला. दुसरा पेटीच्या तळाशी, गोणपाटाखाली लपवला. स्वतःच्याच घरात चोरी केल्यासारखं वाटलं.

चार वाजता ह्यांना धरून आणलं. तिसऱ्या किकला इंजिन चालू झालं. शेडभर निळा धूर झाला. मी टाळ्या वाजवल्या, खोट्या नव्हेत, खरंच आनंद झाला होता. ह्यांनी टाकीवर हात ठेवून थोडा वेळ ऐकलं.

"बंद कर," म्हणाले.

मी बंद केलं. ते कष्टाने खाली वाकले. मॅग्नेटवरचं झाकण अजून लावलं नव्हतं. डाव्या अंगठ्याने त्यांनी चकती फिरवत आणली आणि ठिपक्यांवर अंगठा थांबला. एक, दोन, तीन. असे ते बराच वेळ चाचपत राहिले.

"सकाळीच दिसले हुते तुला?"

मी हो म्हटलं. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"मग बोलली का नाय?"

तुम्हाला बरं वाटावं म्हणून, असं तोंडातून निघालं असतं, पण ते ऐकायला मलाच नको होतं.

"चुकतो तर मी पयल्यापास्नं," हे एकेक शब्द जुळवत म्हणाले. "तू वरडायचीस." मग दम घेतला. "आता वरडत पण नाय."

ते चिडले असते तर मी सहन केलं असतं. ते चिडले नव्हते. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला, मी धरून उठवलं आणि आम्ही घरात गेलो.

दुसऱ्या दिवशी मी ठरल्याप्रमाणे शटर वर केलं, खुर्ची पुसून पंख्याखाली ठेवली आणि दारातून हाक मारली, "अहो, चला ना, किती वेळ लावताय!" जितक्या जोरात ओरडता येईल तितक्या जोरात ओरडले. तरी हे आले नाहीत. जाऊन पाहिलं तर हे भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि डोळे उघडे होते; जागे असूनही वळले नाहीत.