लोकल चॅनलवर धम्मप्रिया

सरजाबाईंनी उभा जन्म चाकूर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी चालवली. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातची खिचडी खाऊन मोठी झाली, त्यामुळे कुणापुढे दबून बोलायची सवय त्यांना कधी लागलीच नाही.

त्यांची लेक धम्मप्रिया नांदेडच्या मोठ्या सभेत पहिल्यांदा भाषण करणार होती. गुडघ्यांमुळे बाईंना जाता येईना, पण सभा इंटरनेटवर थेट दिसणार होती. विहारात पडदा लावला. शिवाय बघणाऱ्यांचा आकडा भरघोस दिसावा म्हणून बाईंनीच घरोघर बजावलं, ज्यानं त्यानं आपल्या मोबाईलवर सभा लावून ठेवायची. लोकांनी इमानदारीत लावली. जेवायला बसलेल्यांनी ताटाशेजारी लावली.

धम्मप्रिया माईकपाशी आली, चार शब्द बोलली, आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरायला लागलं.

बाई तडक केबलवाल्या व्यंकटच्या खोलीवर गेल्या. गावातलं वायफायही त्याचंच. त्यानं समजावून सांगितलं, की सभा एकच असली तरी प्रत्येक मोबाईल ती लांबून आपली आपली वेगळी मागवतो. गावात लाईन एकच. तेच भाषण एका वेळी शंभरदा यायला लागलं तर ती तुंबणारच.

म्हणजे आकड्याचा हट्ट नडला होता. बाई चरफडल्या. पण मग परवा लातूरचं सप्त्यातलं कीर्तन अख्ख्या गावाला न अडखळता कसं दिसलं? ते म्हणे व्यंकटनं एकदाच घेतलं आणि आपल्या लोकल चॅनलवर सोडलं. तिथून केबलनं घरोघर गेलं.

"मग ही सभा का न्हाई सोडली?"

"तुमच्याकडून कुणी सांगायलाच आलं न्हाई, बाई."

"अन् कीर्तनाचं सांगायला कोण आलतं रे?"

कुणीच आलं नव्हतं. कीर्तनाचं व्यंकटला आपसूक सुचलं होतं, चार गल्ल्या पलीकडच्या विहाराचं सुचलं नव्हतं. चीड येते ती याची. तोंडावर नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

उद्या रेकॉर्डिंग लावतो, असं तो पुटपुटला. बाईंनी त्याचीच खुर्ची ओढली आणि तिच्यावर ठाण मांडलं. मग मात्र त्यानं आधी सगळं वायफाय बंद केलं आणि सभा चॅनलवर घेतली. धम्मप्रिया दिसली तेव्हा भाषण अर्धं होऊन गेलं होतं. उरलेलं अर्धं बाईंनी पापणी न हलवता ऐकलं.

टाळ्या थांबल्यावर त्या उठल्या.

"जयंतीला मी सांगायला येणार न्हाई, व्यंकट. तुझं तुला सुचू दे."